ज्याने बांधला त्याने काढायचा

इदालिना पाशेकोच्या उजव्या अंगठ्याचं नख मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत लालसर असतं. नव्याने कामाला लागलेल्या पोरींना वाटतं, बाई साठीला आली तरी नखं रंगवते. तो रंग पतंगांच्या पोटातला आहे.

आमचं काम सांगायला सोपं आहे. सफरचंदाच्या बागांमधून कामगंध सापळे टांगलेले असतात. प्रत्येक सापळ्यात मादीच्या वासाची एक रबरी गोळी आणि तळाला चिकट कागद. नर वासाला भुलून येतो आणि चिकटून मरतो. यातले बहुतेक नर आमच्याच कीडनियंत्रण ऑफिसने वाढवून सोडलेले, नसबंदी केलेले. त्यांना अळी असतानाच लाल रंग घातलेलं खाणं देतात, म्हणून पोट लाल. आपण दर आठवड्याला कागदावरचा एकेक पतंग अंगठ्याने दाबायचा. लाल निघाला तर आपला. मातकट निघाला तर खरा, आणि खरा नर आहे म्हणजे जवळपास कुठेतरी खऱ्या माद्या आहेत आणि सफरचंदांत अळ्या होणार आहेत. लाल किती, मातकट किती, एवढं वहीत लिहायचं.

मी झुल्मिरा. अकरा हंगाम मी व्हॅन चालवते आणि इदालिना शेजारी बसते. मी बोलायचं आणि तिने ऐकायचं, असं आमचं ठरलेलं आहे. तिच्याबद्दल मी लिहितेय हे तिला माहीत आहे. ती म्हणाली, "लिही, पण नटवू नकोस." आता मला नटवायला येत असतं तर मी पतंग कशाला चिरडत बसले असते!

ती मूळची आमच्याच पोर्तुगीज बेटांवरची, साव मिगेलची. एकोणीस वर्षांची असताना तिचं लग्न झालं, तेव्हा नवरा महासागरापलीकडे इथे ओसोयूसला बागेत होता आणि चर्चमध्ये तिच्या शेजारी त्याच्या वतीने त्याचा धाकटा भाऊ उभा होता. त्या काळी आमच्यात असंच चालायचं. नवऱ्याचा एक फोटो तिच्याकडे होता, त्यातही त्याने टोपी डोळ्यांवर ओढलेली. ती विमानातून उतरली तो जून महिना होता, फळांची विरळणी चाललेली. अबिलियोने तिला घरी नेलं नाही, थेट बागेत नेलं, हातात बादली दिली आणि दोन फळांत किती अंतर ठेवायचं ते बोटांनी दाखवलं. बायका मधुचंद्राच्या गोष्टी सांगतात तेव्हा इदालिना म्हणते, "माझ्या हातात बादली दिली होती." हा तिचा एकमेव विनोद, आणि आम्ही दर वर्षी त्याला हसतो.

माणूस मात्र चांगला निघाला. कमी बोलणारा, हाताला वळण असलेला. मूल झालं नाही, तरी त्यावरून तो तिला कधी टोचून बोलला नाही. दोघांनी मिळून दहा एकरांची बाग केली आणि गुडघे गेले तेव्हा विकली. घेणाऱ्याने महिनाभरात सगळी झाडं उपटून द्राक्षं लावली. इथे आता सगळे तेच करतात. त्यांच्याकडे घर राहिलं, आणि घरामागे एक सफरचंदाचं झाड. त्या झाडावर अबिलियोने चार जातींची कलमं बांधली होती, म्हणजे त्या दहा एकरांत जे जे होतं ते सगळं एका खोडावर.

आता पट्ट्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उन्हाळा उतरणीला लागला की अळ्या फळातून बाहेर पडून खोडावरून खाली येतात आणि हिवाळ्यासाठी कुठेतरी फटीत दडून बसतात. म्हणून ऑगस्टमध्ये खोडाला कमरेच्या उंचीवर खोक्याच्या पुठ्ठ्याचा पट्टा बांधायचा. अळ्यांना ती फट आवडते, त्या आत शिरून कोष करतात. नोव्हेंबरमध्ये पट्टा सोडायचा, आतल्या अळ्या मोजायच्या आणि पट्टा जाळून टाकायचा. आमच्या लोकांत पट्ट्यावर सुताराच्या पेन्सिलीने तीन गोष्टी लिहितात: बांधल्याची तारीख, काढायचा महिना, आणि बांधणाऱ्याचं अक्षर. ज्याने बांधला त्याने काढायचा. दुसऱ्याच्या पट्ट्याला कोणी हात लावत नाही, कारण मोजणी त्याची, झाड त्याचं, आणि आत काय निघालं ती अब्रूही त्याची.

गेल्याच्या गेल्या ऑगस्टमध्ये अबिलियोने पट्टा बांधला. तेव्हाच त्याच्या पोटात दुखत होतं. सप्टेंबरमध्ये तो इस्पितळात गेला आणि ऑक्टोबरात, फळं उतरून झाल्यावर, वारला.

इदालिना रडली नाही. चर्चमध्ये नाही, दफनभूमीत नाही, घरी आल्यावर नाही. पन्नास माणसांना तिने स्वतःच्या हाताने हिरव्या पाल्याचं सूप वाढलं आणि कोणाला मक्याचा पाव कमी पडतोय का ते बघत फिरली. बायका कोपऱ्यात कुजबुजल्या, "धक्का बसलाय, आठ दिवसांनी फुटेल." आठ दिवस झाले, नाताळ झाला, ईस्टर झाला. काळे कपडे घालून ती रविवारी येत होती, खाली बसत होती, उठत होती. मे महिन्यात कामावर आली तेव्हा काळ्या ब्लाउजवर ऑफिसचं भगवं जाकीट चढवलेलं.

खरं सांगते, मला तिचा राग यायचा. माझा नवरा नुसता एडमंटनला कामाला गेला होता तेव्हा मी महिनाभर उशा भिजवल्या होत्या. एकदा मी व्हॅनमध्ये म्हटलंच, "अगं, तुला काही होत कसं नाही?"

तिने काचेबाहेर बघत म्हटलं, "काय होऊ? हातपाय चालतात."

"हातपाय नाही म्हणत मी!"

"मग काय म्हणतेस?"

मी रेडिओ लावला.

तिच्या घराला लागूनच बाल्ताझार मेदेइरोसची बाग आहे. बाल्ताझार चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्याच्या थोरल्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मबाप अबिलियो, म्हणून इदालिना त्याला कोंपाद्रे म्हणते आणि तो तिला कोमाद्रे. आमच्यात हे नातं सख्ख्याच्या बरोबरीचं. तीन वर्षं एकही रासायनिक फवारा न मारता त्याने बाग सांभाळली होती आणि त्याच वसंतात त्याला सेंद्रियचा दाखला मिळाला होता. त्याने तो चौकटीत बसवून स्वयंपाकघरात लावला, पोपच्या फोटोशेजारी. मी म्हटलं, "बाल्ताझार, पोप जरा वाकडा झालाय, दाखला मात्र सरळ आहे." तो म्हणाला, "पोपने तीन वर्षं गवत उपटलं नाही."

मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच्या कुंपणाजवळच्या सापळ्यात तीस लाल आणि दोन मातकट निघाले. पुढच्या आठवड्यात चार. त्यापुढे सात. ऑफिसने कळवलं की उगम शोधा. ऑगस्टमधल्या दुसऱ्या पिढीतही असंच राहिलं तर जोरदार औषध मारावं लागेल. म्हणजे दाखला गेला. म्हातारा नुसता कागद घेऊन उभा राहिला. आणखी तीन वर्षं थांबण्याइतकं वय त्याच्यापाशी नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

उगम शोधणं हे इदालिनाचं काम, आणि त्यात तिचा हात कोणी धरत नाही. ती सापळ्यापाशी उभी राहिली, चौफेर बघितलं. एका बाजूला बाग, दुसऱ्या बाजूला बाल्ताझारची शेड, तिसरीकडे रस्ता, चौथीकडे तिचं स्वतःचं कुंपण. शेडमध्ये फळं भरायचे लाकडी खोके एकावर एक रचलेले होते, चाळीस, त्याच्या बापाने स्वतः ठोकलेले. लाकडाच्या सांध्यांत अळ्या हिवाळा काढतात हे खरंच आहे. दोन-चार जुने कोष सापडलेही.

"कोंपाद्रे, खोके," ती म्हणाली.

"दर वर्षी धुतो मी."

"सांधे धुतले जात नाहीत."

"नक्की खोकेच?"

"दुसरं काय असणार?"

बाल्ताझारने वाद घातला नाही. या कामाच्या एकोणीस वर्षांत तिने कधी चुकीचं सांगितलं नव्हतं. दोन दिवसांनी एक ट्रक आला आणि चाळीस खोके कचरा डेपोवर गेले. मी तिथेच होते. एका खोक्यावर त्याच्या बापाने खिळ्याने कोरलेला क्रूस होता. म्हाताऱ्याने त्यावर एकदा हात ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चल, ने." इदालिना शेजारी उभी राहून ट्रकवर चढलेले खोके मोजत होती, बरोबर चाळीस आहेत ना म्हणून.

पुढच्या आठवड्यात सापळ्यात मातकट नऊ निघाले.

जूनच्या शेवटी एके सकाळी मी तिला घ्यायला गेले. हॉर्न वाजवला, दोनदा वाजवला, बाई येईना. दार लावलेलं. मी मागच्या अंगणात गेले, जिथे मी त्या वर्षभरात गेलेच नव्हते. ती झाडासमोर कॉफीचा कप धरून उभी होती. झाड पानांनी भरलेलं, चारी जातींची फळं लिंबाएवढी झालेली. आणि खोडाला, कमरेच्या उंचीवर, पुठ्ठ्याचा पट्टा. बर्फाने फुगून, उन्हाने वाळून राखाडी झालेला, पण अक्षरं वाचता येत होती. १२ ऑगस्ट. काढायचा: नोव्हेंबर. अ.

पुठ्ठ्याच्या कडेने कोषांची रिकामी टरफलं बाहेर आलेली होती, डझनांनी.

 

"इदालिना, हा पट्टा."

"हं."

"अगं, हा नोव्हेंबरमध्ये निघायला हवा होता! आता जुलै येतोय! सगळे पतंग यातून निघाले. बाल्ताझारच्या सापळ्यात आलेले सगळे इथले!"

"हं," ती म्हणाली.

"तुला दिसला नाही?"

"दिसतो की. रोज सकाळी इथेच उभी राहून कॉफी घेते."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "एकोणीस वर्षं तू लोकांच्या दारी जाऊन सांगतेस, पट्टा काढा, पट्टा जाळा! त्या म्हाताऱ्याने बापाच्या हातचे खोके फेकून दिले तुझ्या शब्दावर! आणि तुझ्याच अंगणात पतंगांचं बाळंतघर उघडलंयस? का नाही काढलास?"

तिने माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी उघडउघड चुकीचं विचारल्यासारखं.

"मी कशी काढणार?" ती म्हणाली. "त्यावर 'अ' आहे."

तिच्या हातातल्या कॉफीवर साय धरली होती. किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. नोव्हेंबरमध्येही उभी असणार, जानेवारीत बर्फातही. पट्टा काढायचं ज्याचं काम, तो येऊन काढेल. इतकंच तिच्या डोक्यात होतं, आणि खरं तर तेही नसावं. डोक्याचा तेवढा भाग बंद होता.

शेवटी चाकूने दोरी मी कापली. अबिलियोची गाठ पक्की होती. पट्टा आम्ही गवतावर उलगडला आणि इदालिना गुडघ्यांवर बसली. तिने बोटाने एकेक टरफल मोजलं. "त्रेपन्न," ती म्हणाली, सापळ्यावरून सांगते त्याच आवाजात, आणि वहीत लिहिलं. उगम म्हणून तिने स्वतःच्या घराचा पत्ता घातला. मीच रडत होते, आणि कशासाठी ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

बाल्ताझारकडे ती त्याच सकाळी गेली. मी म्हटलं, मी सांगते, तर म्हणाली, "माझं झाड आहे." तो शिडीवर होता.

"कोंपाद्रे, खोक्यांचा दोष नव्हता. माझ्या झाडाचा पट्टा राहिला."

तो खाली उतरला. एकेक पायरी, गुडघे सांभाळत. "कुठला पट्टा?"

"गेल्या ऑगस्टचा. अबिलियोचा."

"चाळीस खोके होते, कोमाद्रे."

"हो. मोजले मी."

तिने हे वाकडेपणाने म्हटलं नव्हतं, पण त्याला कसं लागलं असेल! तो शिडी खांद्यावर घेऊन बागेत निघून गेला आणि पुढचे सात आठवडे तिच्याशी बोलला नाही. रविवारी चर्चमध्येही बाक बदलला. सख्ख्याच्या बरोबरीचं नातं असं एका वाक्यात तुटतं, ते मी डोळ्यांनी बघितलं.

उपाय एकच होता. झाडावरचं एकूण एक फळ उतरवायचं, म्हणजे आत शिरलेल्या अळ्या तिथेच संपतात आणि दुसरी पिढी होत नाही. आम्ही दोघींनी तीन दिवस फळं तोडली. हिरवी, कडक, काहींना भोक आणि भोकाशी अळीचा भुसा. चारी जाती एकाच काळ्या पिशवीत गेल्या. इदालिना शिडीवरून मला सांगत होती, "हे त्याचं आवडतं. हे ॲपल पायसाठी बरं. हे कोणालाच आवडायचं नाही, पण ठेवलं होतं." जशी काही दुकानात भाव सांगतेय. पिशव्या भरून, तोंड बांधून आठवडाभर उन्हात ठेवल्या. मी म्हटलं, "झाडच तोडून टाकूया का?" ती म्हणाली, "झाडाने काय केलंय?"

मग ऑगस्ट आला. दुसऱ्या आठवड्यात बाल्ताझारच्या कुंपणाजवळचा सापळा उघडला तेव्हा तो स्वतः येऊन पाच पावलांवर उभा राहिला, टोपी हातात, आमच्याकडे न बघता. कागदावर एकेचाळीस पतंग होते. इदालिनाने पहिला दाबला. लाल. दुसरा, लाल. ती घाई करत नाही, कधीच नाही. तिसाच्या पुढे गेल्यावर बाल्ताझार दोन पावलं जवळ आला. एकेचाळिसावा तिने दाबला आणि अंगठा वर करून त्याला दाखवला.

"सगळे आपले," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यातही शून्य होते. दाखला राहिला, कोंपाद्रे."

त्याने टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. मग शेडमध्ये गेला. मला वाटलं, झालं, गेला. पण तो पुठ्ठ्याची एक गुंडाळी आणि दोरी घेऊन बाहेर आला, नीट मापाने कापलेली. खांद्यावर टाकून सरळ इदालिनाच्या अंगणाकडे चालू लागला.

"चल," तो म्हणाला. "ऑगस्ट आहे."

झाड रिकामं होतं, नुसती पानं. बाल्ताझारने पुठ्ठा खोडाभोवती गुंडाळून दोन्ही हातांनी दाबून धरला. "गाठ तू मार," तो म्हणाला. "मी फक्त धरतो." इदालिनाने दोरी दोनदा फिरवली आणि गाठ मारली. गाठ काही बरी झाली नव्हती. आजवर तिने ती कधी मारलीच नव्हती. त्याने खिशातून सुताराची पेन्सिल काढून तिला दिली.

तिने लिहिलं, १४ ऑगस्ट. मग लिहिलं, काढायचा: नोव्हेंबर. आणि तिथे पेन्सिल थांबली.

म्हाताऱ्याचे हात पुठ्ठ्यावर तसेच होते, धरून ठेवायची आता गरज नव्हती हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं किंवा आलं होतं. इदालिनाचा अंगठा लाल होता, पेन्सिलीवर घट्ट. तिने खूप हळू, शाळेतल्या मुलीसारखं गिरवून, 'इ' काढला. त्या अक्षराकडे बघितलं.

"झुल्मिरा," ती म्हणाली, "अबिलियो गेला गं."

दहा महिन्यांत हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

"हो," मी म्हटलं.

"गेला, कोमाद्रे," बाल्ताझार म्हणाला.

"म्हणजे आता हा मलाच काढायचाय," ती म्हणाली आणि खाली गवतात बसली, तोंड जाकिटात घालून. बाल्ताझार तिच्या शेजारी बसायला गेला. त्याचे गुडघे वाकेनात, तेव्हा मी त्याला धरून बसवलं.

पंधरा नोव्हेंबरला तिने पट्टा काढला. आत एक अळी होती. तिने वहीत 'एक' लिहिलं, पट्टा बाल्ताझारच्या पिंपात जाळला, आणि आम्ही आत जाऊन सूप प्यालो.